भाद्रपदातला वाटाणा, वैशाखातला दुधी: भाजीच्या साप्ताहिक टोपलीचे एक वर्ष

गणपती उठल्यानंतरच्या शनिवारी आलेल्या टोपलीत अर्धा किलो वाटाण्याच्या शेंगा निघाल्या आणि मी लगेच तक्रारीचा संदेश पाठवला. वाटाणा हे थंडीतले पीक, अशी माझी शाळेपासूनची समजूत होती आणि इतक्या वर्षांत मंडईत पाहिलेलेही तेच होते. त्यामुळे ‘फक्त हंगामी, फक्त जवळच्या शेतातले’ असे सांगून तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेणाऱ्यांनी चौथ्याच आठवड्यात शीतगृहातला माल गळ्यात मारला, अशी माझी खात्री झाली. अर्ध्या तासात गटाच्या संयोजक ताईंचा फोन आला. त्यांनी न चिडता सांगितले की पुरंदर तालुक्यात वाटाणा पावसाच्या भरवशावर जूनमध्ये पेरतात, श्रावण-भाद्रपदात तो तोडणीला येतो आणि त्या दिवसांत सासवडच्या बाजारात वाटाण्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. थंडीत पुण्याला जो स्वस्त वाटाणा मिळतो, तो बराचसा मध्य प्रदेशातून आणि त्याही वरून येतो. म्हणजे घरापासून ३५-४० किलोमीटरवर पिकलेला वाटाणा मी अवेळी ठरवला होता आणि शेकडो किलोमीटर प्रवास करून येणाऱ्याला हंगामी म्हणत आले होते. मी माफी मागितली. त्या शेंगा सोलताना दाणे कोवळे, बारीक आणि चवीला गोड निघाले. अर्धे तर उसळीपर्यंत पोहोचलेच नाहीत.

या टोपलीची वर्गणी आम्ही मागच्या श्रावणात घेतली आणि आता वर्ष पूर्ण झाल्यावर तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. गटाचे नाव मात्र मुद्दाम देत नाही. पुढे कौतुकाबरोबर उणी बाजूही येणार आहे आणि ज्या कामावर १४ घरे अवलंबून आहेत, त्याला एका घरातल्या एका वर्षाच्या अनुभवावरून बट्टा लागावा, हे मला पटत नाही. शिवाय अशा प्रकारच्या सेवा आता मोठ्या शहरांतून ठिकठिकाणी निघालेल्या आहेत आणि त्यांपैकी कोणतीही निवडताना विचारायचे प्रश्न साधारण सारखेच असतात.

भोर आणि पुरंदर या दोन तालुक्यांतले १४ शेतकरी मिळून हा गट चालवतात. बुधवारी संध्याकाळी संभाव्य भाज्यांची यादी फोनवर येते, शुक्रवारी तोडणी होते आणि शनिवारी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान टोपली दाराशी येते. टोपली म्हणजे प्रत्यक्षात प्लॅस्टिकचा क्रेट असतो. भाजी आपल्या पिशवीत काढून घेऊन तो तिथल्या तिथे परत द्यायचा. पूर्ण टोपलीत सुमारे सात किलो भाजी, नऊ-दहा प्रकार, ७५० रुपये. अर्धीत चार किलो, सहा प्रकार, ४५० रुपये. पैसे १२ आठवड्यांचे एकदम भरावे लागतात. भाजी निवडता येत नाही, फक्त दोन भाज्या कायमच्या ‘नको’ म्हणून नोंदवता येतात. आमच्या घरात मुलाच्या हट्टाने पडवळ आणि माझ्या हट्टाने कारले त्या यादीत गेले, आणि यादी भरली.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, त्यानंतर शेतकऱ्याला आपला माल समितीच्या आवाराबाहेर थेट विकणे सोपे झाले आणि शहरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजारही भरू लागले. आमच्या भागातल्या अशा बाजारातून मी पूर्वी तीन वर्षे भाजी आणत असे, त्यामुळे या टोपलीची तुलना मनात सतत त्याच्याशी होत राहिली. त्या बाजारात माल ताजा असतो, भावही टोपलीपेक्षा थोडे उतरते असतात; परंतु तिथे आपण जे हवे तेच उचलतो. चार जणांच्या घरात वर्षानुवर्षे बटाटा, फ्लॉवर, भेंडी, मेथी आणि कोबी या पाचांची आलटून पालटून फेरी चालते आणि ती मोडावी असे कोणाला वाटतही नाही. टोपलीने ती पहिल्या महिन्यातच मोडली. चवळीचा पाला, राजगिऱ्याची भाजी, अंबाडी, चंदनबटवा यांपैकी काही मी लहानपणानंतर पहिल्यांदाच निवडायला घेतले, आणि अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून करायची असते, हे सासूबाईंना विचारावे लागले.

वजनाबाबत थोडे कडक लिहायला हवे. पहिल्या सहा आठवड्यांत मी प्रत्येक टोपली घरच्या काट्यावर तोलली. सात किलोचा शब्द फक्त दोनदा पाळला गेला. उरलेल्या चार वेळा भरले ते सहा ते साडेसहा किलो, आणि त्यातही मुळ्याच्या पाल्याचे व फ्लॉवरच्या बाहेरच्या पानांचे वजन धरलेले होते. मुळ्याचा पाला आम्ही खातो, त्याची तक्रार नाही. फ्लॉवरची पाने मात्र कुंडीतल्या खताच्या कामाची, ती भाजीच्या भावाने घेण्याचे कारण नाही. हे कळवल्यावर जुड्या आणि गड्डे वजनाच्या हिशेबातून काढून नगावर मोजायला सुरुवात झाली, आणि हा बदल सर्वच ग्राहकांसाठी झाला. तक्रार ऐकून घेण्याची ही तयारी मला गटाचा सर्वांत मोठा गुण वाटते.

श्रावणातली वांगी हा दुसरा मुद्दा. गट फवारणीसाठी रासायनिक औषधे वापरत नाही आणि पावसाळी दमट हवेत वांग्याच्या शेंड्यात व फळात शिरणारी अळी जोरात असते; आलेल्या आठ वांग्यांपैकी पाच चिरल्याबरोबर टाकून द्यावी लागली. आमच्या सासूबाई चातुर्मासात वांगे खात नाहीत. आषाढातल्या नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा-वांगे पोटभर खाऊन घ्यायचे आणि मग मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला नव्या वांग्याच्या भरताचा नैवेद्य दाखवल्यावरच पुन्हा सुरू करायचे, हा त्यांचा नेम. टाकून दिलेली वांगी पाहून त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या शनिवारी टोपली उघडताना मुद्दाम येऊन उभ्या राहिल्या. या नेमामागे अळीच असेल, असे ठामपणे म्हणण्याइतका माझा अभ्यास नाही. चंपाषष्ठीच्या सुमारास त्याच शेतातून आलेली वांगी मात्र अशी तुकतुकीत आणि निर्दोष होती की भरतासाठी भाजताना एकही वाया गेले नाही.

आणि मग थंडी आली. वर्षभराच्या पैशांचे मोल जर कुठे झाले असेल तर ते कार्तिकाच्या शेवटापासून माघाच्या शेवटापर्यंतच्या तीन महिन्यांत. या काळात टोपलीचे झाकण उघडण्याची घरात अक्षरशः वाट पाहिली जात असे. आंबट चुका आणि चाकवत एकाच आठवड्यात आले की एकाची डाळ घालून आणि दुसऱ्याची ताकातली, अशा दोन पातळ भाज्या ठरलेल्या. मेथीची जुडी मंडईतल्या जुडीच्या निम्मी, पण काड्या इतक्या कोवळ्या की देठापासून टाकायचे काहीच नसे. गाजरे गावठी, फिकट केशरी, वाकडीतिकडी. हलव्याला अजिबात रंग येणार नाही अशी, आणि कोशिंबिरीला मात्र दुसरे काही घ्यावेसे वाटू नये अशी. पावट्याच्या शेंगा सोलल्यावर बोटांना जो उग्र, तेलकट वास येतो, तो साबणाने हात धुऊनही संध्याकाळपर्यंत राहत असे; बाजारातल्या चार दिवसांच्या शेंगांना तो वास जवळजवळ नसतो, हे मला तेव्हा कळले. हरभऱ्याचे टहाळ आले तेव्हा मुलाने सोलायच्या आधीच एक डहाळी तोंडात धरली आणि पानांवरच्या आंबेने ओठ चुरचुरले, तसा तो दचकलाच. टहाळ धुऊन, पाण्याचे फवारे मारून दुकानात मांडल्यावर ही आंब राहत नाही. टोपलीतली भाजी न धुता येते, मातीसकट येते. ज्यांना हे त्रासाचे वाटते त्यांनी ही सेवा घेऊ नये, कारण शनिवारचा पाऊण तास निवडण्यात आणि धुण्यात जातोच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते आणि ती काही दर वर्षी शनिवारी येत नाही. गटाने भोगीच्या आदल्या संध्याकाळी १५० रुपयांत वेगळा वाटा पोहोचवला: पावटा, घेवडा, वांगी, गाजर, सोललेला ओला हरभरा, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, उसाचे कांडे आणि मूठभर बोरे. तीळकूट घालून केलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हा बेत आमच्याकडे दर वर्षी होतो, परंतु त्यासाठी दर वर्षी तीन दुकाने फिरावी लागतात आणि एखादा जिन्नस राहूनच जातो. या वर्षी राहिला नाही. माझ्या मते संपूर्ण वर्षात गटाने केलेले सर्वांत विचारपूर्वक काम हेच. याच सुमारास पुरंदरची अंजिरेही स्वतंत्र मागणीवर मिळाली. थंडीतला हा खट्टा बहार. उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा मीठा बहार अधिक गोड असतो आणि तोच घ्यावा. अंजीर हे फळ मुळातच प्रवासाला नाजूक, आणि गटाने ते साध्या कागदी पिशवीत भाजीच्या वर ठेवून पाठवले, त्यामुळे डझनातली चार फुटून पालकाला चिकटली. मीठ्या बहाराच्या वेळी खोक्यात पाने घालून पाठवली. ती नीट आली.

‘हे खरोखर सेंद्रिय आहे का?’ असे मला शेजारी नेहमी विचारतात. गटाकडे पीजीएस प्रमाणपत्र आहे, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचे. या पद्धतीत बाहेरची संस्था येऊन तपासणी करत नाही. गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि एकमेकांची हमी घेतात. ज्यांची जमीन अजून रासायनिक शेतीतून बाहेर येण्याच्या काळात आहे, त्यांचा दर्जा वेगळा नोंदवला जातो, आणि टोपलीतल्या चिठ्ठीवर प्रत्येक भाजीपुढे शेतकऱ्याचे गाव आणि हा दर्जा लिहिलेला असतो. चिठ्ठी हाताने लिहिलेली असते आणि पावसाळ्यात भिजून वाचता येत नाही, पण असते. पौषात गटाने शिवारफेरी ठेवली होती. ज्या काकांच्या शेतातला चुका आम्ही खात होतो, त्यांनी बांधावरची २०० लिटरची टाकी दाखवली. तीत दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधाखालची मूठभर माती कालवून जीवामृत मुरत ठेवले होते. त्याच टाकीशेजारी त्यांनी मला एक वाफा दाखवून सांगितले, “ताई, हा लसूण तुम्हाला देणार नाही, याला मी खत मारलंय, हा मार्केटला जाणार.” प्रमाणपत्रापेक्षा मला या वाक्याने अधिक खात्री वाटली.

आता उन्हाळा. चैत्राच्या मध्यापासून टोपली उतरू लागली आणि वैशाखात तिची पार रया गेली. पुरंदरचा बराच भाग पाण्याच्या ओढीचा आहे. विहिरी खाली गेल्या की पालेभाजी सर्वांत आधी बंद होते. सलग पाच आठवडे दुधी, लाल भोपळा, काकडी, गवार आणि कैऱ्या असेच येत राहिले. दुधीचे मुटके झाले, थालीपीठ झाले, हलवा झाला, सालांची चटणी झाली. पाचव्या आठवड्यात मुलाने टोपली उघडून पाहिली आणि एक शब्दही न बोलता झाकण लावून टाकले. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. सहाव्या आठवड्यात मात्र टोपलीत पांढराशुभ्र फ्लॉवर, फरसबी आणि सिमला मिरची आली आणि चिठ्ठीवर त्यांच्यापुढे गावाचे नाव नव्हते. या वेळी मी वाटाण्याचा अनुभव लक्षात ठेवून आधी शांतपणे विचारले. उत्तर यायला दोन दिवस लागले आणि ते असे होते की ग्राहक कंटाळून वर्गणी सोडू लागल्यामुळे दोन आठवडे काही माल बाहेरून विकत घेतला गेला. दर तोच घेतला होता. चिठ्ठीत ते स्पष्ट लिहिले असते तर मी कदाचित कुरकुरत घेतलेही असते. न लिहिता घालणे ही फसवणूकच होती आणि मी ती तशाच शब्दांत कळवली. पुढच्या हप्त्यातून ३०० रुपये वजा झाले आणि त्यानंतर बाहेरचा माल आल्याचे मला तरी आढळले नाही. तरीही या सेवेला मी पूर्ण गुण देणार नाही, त्याचे कारण हेच.

या प्रसंगानंतर सासूबाईंशी बोलताना एक गोष्ट सहज उलगडली. त्यांचे माहेर पेणचे. त्यांच्या लहानपणी वैशाखात घरात ताजी भाजी क्वचितच असे; वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, कोहळ्याचे सांडगे, वाळवलेली गवार, कैरीचे सार आणि फणसाची भाजी यांवर महिना निघत असे, आणि त्यात कोणाला उणे वाटत नसे. गटाने खरे तर हेच करायला हवे होते. दुधी-भोपळ्यांनी टोपली फुगवण्यापेक्षा, किंवा बाहेरून फ्लॉवर आणण्यापेक्षा, वैशाखाच्या टोपलीत किलोभर वाल, पाव किलो सांडगे, कुळथाचे पीठ आणि दोन भाज्या घातल्या असत्या तर ती टोपली हंगामाला अधिक धरून झाली असती. ही सूचना मी दिली आहे. संयोजक ताईंना ती आवडली, परंतु सांडगे करायला माणसे कुठून आणायची, हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही.

उन्हाळ्यातली ही पोकळी आमच्या घरी काही प्रमाणात गच्चीने भरून काढली, म्हणून तिच्याविषयीही लिहायला हवे. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घराला लागून १२ बाय १५ फुटांची गच्ची आहे आणि तिथे २२ पिशव्या व काही जुने डबे आहेत. सोसायटीच्या आवारातला पालापाचोळा थरांनी भरायचा, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि टोपलीतून निघालेली देठे-पाने त्यात जिरवायची आणि वरून थोडीच माती घालायची, ही पद्धत. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या कामातून पालापाचोळ्यावर भाजी पिकवण्याचा जो विचार महाराष्ट्रात रुजवला, त्याचेच हे घरगुती आणि बरेच आळशी रूप. पालापाचोळ्यामुळे पिशवी हलकी राहते आणि स्लॅबवर भार कमी येतो, हा मुद्दा सोसायटीच्या सभेत फार उपयोगी पडला. ज्या बाजारू पिशव्या ‘पाच वर्षे टिकतील’ म्हणून घेतल्या, त्यांतल्या निम्म्यांच्या कडा पुण्याच्या उन्हात दीड वर्षात भुगा झाल्या. रंगाचे रिकामे डबे त्यापेक्षा बरे.

मी वर्षभराचे उत्पन्न तोलून ठेवले: ४१ किलो. म्हणजे टोपलीच्या जेमतेम सहा आठवड्यांइतके, आणि पिशव्या, कोकोपीट, बियाणे, निंबोळी तेल धरून खर्च झाला ९,००० रुपये. गच्चीवर भाजी स्वस्त पडते, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कांदा, बटाटा, कोबी यांच्या वाटेला जाऊ नये. तीन महिने जागा अडवून हाती एक गड्डा येतो. टोपलीत जे येत नाही किंवा आले तरी आठवडाभर टिकत नाही, ते गच्चीवर असावे. कढीपत्ता, हिरवी मिरची, पुदिना, गवती चहा, कोथिंबीर, मायाळू, आणि सांडपाण्याच्या नळाखाली अळू, एवढ्यानेच रोजचा स्वयंपाक किती मोकळा होतो, हे वैशाखात कळले. पालेभाजी बंद झालेल्या त्या दिवसांत सावलीच्या जाळीखाली रोज दोन वेळा पाणी घालून वाढवलेला माठ आणि मायाळू हीच आमची हिरवाई होती. मायाळूच्या पानांची भजी या घरात यापूर्वी कोणी केलेली नव्हती.

गंमत म्हणजे त्या ४१ किलोंपैकी ११ किलो दुधीच होता, आणि तोही नेमका टोपलीतल्या दुधीबरोबरच आला. पहिल्या महिन्यात वेलावर बोटभर दुधी लागत आणि पिवळे पडून गळत. खत कमी पडते म्हणून मी खत घातले, पाणी जास्त होते म्हणून पाणी तोडले; उपयोग शून्य. शिवारफेरीत ओळख झालेल्या त्याच काकांना फोन केला, तेव्हा त्यांनी विचारले की फूल कधी उमलते ते पाहिले आहे का. भोपळ्याचे पिवळे फूल सकाळी उमलते. दुधीचे पांढरे फूल उन्हे कलल्यावर उमलते आणि रात्री हिंडणारे पतंग त्याचे परागण करतात. दिव्यांच्या उजेडातल्या तिसऱ्या मजल्यावर ते फारसे फिरकत नसावेत. मग रोज संध्याकाळी सातच्या सुमारास नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे वळवून, मागे इवलासा दुधी असलेल्या मादी फुलावर अलगद टेकवणे हा माझा उद्योग झाला. तिसऱ्या दिवशी देठ खाली झुकला आणि दुधी वाढू लागला. हे सगळे ज्या भाजीला घर कंटाळले होते तिच्यासाठी केले, यावरून घरात अजून बोलणी खावी लागतात.

ज्येष्ठात गटाने टोपलीबरोबर गावरान बियाण्यांच्या तीन पुड्या दिल्या: दोडका, गवार आणि पावटा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून गावरान बियाण्याविषयी शहरातही कुतूहल वाढलेले आहे, पण हातात बी ठेवणारे कमी भेटतात. दोडका उत्तम उगवला. गवारीचे बी मात्र जुने असावे. १२ पैकी तीनच रुजली.

पहिल्या पावसाबरोबर रानभाज्या सुरू झाल्या आणि तिथे एक अपघात झाला. टाकळा, कुर्डू, भारंगी यांच्या जुड्या व्यवस्थित आल्या, प्रत्येकीबरोबर करण्याची कृतीही होती. एका शनिवारी घाटाखालून आलेली शेवळे टोपलीत निघाली. सासूबाईंना झालेला आनंद मला वर्णन करता येणार नाही, कारण त्यांनी पुण्यात आल्यापासून शेवळे पाहिलीच नव्हती. शेवळाच्या वरचे आवरण काढायचे, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा आणि उरलेले बारीक चिरून काकडाच्या आंबट फळांच्या रसात शिजवायचे. ही काकडाची फळे नसली तर घशाला खाज सुटते. टोपलीत फळे नव्हती आणि कृतीची चिठ्ठीही नव्हती. सासूबाईंनी फळांची चौकशी केली, तेव्हा मी चिंच आणि आमसूल घालून भागेल असे म्हणाले. त्या म्हणाल्या, “भागणार नाही, पण कर.” संध्याकाळी चौघेही गूळ चघळत बसलो होतो. ज्याला माहीत नाही अशा घरात ही भाजी कोणी नुसतीच फोडणीला टाकली असती तर काय झाले असते, याचा विचार गटाने करायला हवा होता. रानभाजी देताना तिची सोबतही द्यावी, नसेल तर ती भाजी देऊच नये.

हिशेबाने पाहिले तर पूर्ण टोपली आठवडे बाजारापेक्षा साधारण पंधरा-वीस टक्के महाग पडते, थंडीत थोडी कमी. दोन माणसांच्या घराला अर्धी टोपलीही जड जाईल. सकाळी आठला घर बंद करून जाणाऱ्यांना शनिवारची निवडानिवड जमणार नाही. ज्यांच्याकडे विचारायला एखादी सासू, आई किंवा आजी आहे, त्यांना मात्र या टोपलीचा उपयोग दुप्पट होईल, आणि मी हे गंभीरपणे लिहीत आहे. वर्गणी मध्येच थांबवता येत नाही, हा नियम जाचक होता. वर्षअखेरीस अनेकांनी सांगितल्यावर गटाने तो सैल केला आहे. त्यामुळे आम्ही पुढच्या वर्षासाठी अश्विनापासून फाल्गुनापर्यंत पूर्ण टोपली, चैत्रात अर्धी, वैशाखात बंद आणि ज्येष्ठापासून पुन्हा अर्धी, अशी नोंदणी केली.

अर्ज भरताना मी शेवळांचे नाव ‘नको’च्या यादीत घालायला सांगितले. यादीत दोनच जागा असल्यामुळे पडवळ किंवा कारले यांपैकी एक परत घ्यावे लागेल, असे उत्तर आले. त्यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी सासूबाईंनी पेणला त्यांच्या वहिनींना फोन लावला आणि मला येऊन सांगितले की यादीला हात लावू नकोस, काकडे ज्येष्ठात एस.टी.ने येतील.